आभाळमाऱ्या केरबा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात सोडा, घोटभर पाणी प्या. निरूपण झालं, आता आख्यान. पण त्याआधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. उत्तर लगेच देऊ नका — तुम्हाला घाई फार!

प्रश्न असा. एक माणूस फुशारकी मारतो. दुसरा, त्याच्यावरच्या मायेपोटी, ती फुशारकी उघडी पडू देत नाही. आणि तिसरे आपण — मांडी घालून ऐकतो, मान डोलावतो, 'वा रे पठ्ठ्या' म्हणतो. पुढं काही विपरीत घडलं, तर देवाच्या दारात पहिला जाब कुणाला?

'पहिल्याला' म्हणताय? बरं. ऐका तर मग.

डोंगराच्या कुशीत कारखिंडी नावाचं गाव. वर सडा म्हणजे खडकाळ पठार, खाली दरी, दरीत कारवीचं रान. आणि रानात डुकरं! रानडुकराचा उपद्रव ज्यानं सोसलाय त्यालाच ठाऊक. एकदा कळप नाचणीत घुसला की सकाळी शेत नांगरल्यासारखं. म्हणून सरकारनं पिकं राखायला गावात चार-सहा बंदुका परवान्यावर दिलेल्या. ठासणीच्या बंदुका बरं का! वरून नळीत दारू ठासायची, गोळी सोडायची, बार काढायचा. आणि चुकला, तर दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर दुसऱ्या तालुक्यात!

माळकरी मंडळी, तुम्ही कान झाकू नका. तुम्ही म्हणाल, बुवांनी देवळात शिकारीची गोष्ट काय काढली? अहो, मीही माळकरी. डुकराशी माझं देणं-घेणं नाही, माझं देणं-घेणं माणसाशी आहे.

तर शिमगा झाला की कारखिंडीत गावची पारध निघायची. निम्मा गाव हाका घालायला दरीत — डबे वाजवत, आरोळ्या ठोकत जनावर वर रेटायचं. आणि बंदुकवाले वर खिंडीत दबा धरून बसायचे. जोडीजोडीनं. एका बसणीवर दोघं, आणि तेही नात्यातले. भाऊ-भाऊ, चुलता-पुतण्या, साला-मेव्हणा. का? तर एकाचा बार चुकला तरी अब्रू घरातच राहते!

आता ह्या गावच्या दोन रीती सांगतो, त्या ध्यानात ठेवा. पहिली रीत गोळीची. प्रत्येक बंदुकवाल्याच्या घरी शिशाच्या गोळ्या ओतायचा स्वतःचा साचा. त्या साच्यात त्या घराची खूण. कुणाची फुली, कुणाची चांदणी, कुणाची नुसती रेघ. डुक्कर फाडलं की गावचा वडीलधारा, येसूआबा, आतली गोळी काढायचा. चेपटी झाली तरी अंगठ्यानं चाचपून सांगायचा, 'ही अमक्याची.' ज्याची गोळी, त्याला डुकराची मुंडी. आणि मुंडीबरोबर मान! संध्याकाळी देवीच्या चौथऱ्यावर त्यानं फेटा बांधून बसायचं आणि बार कसा काढला ते साऱ्या गावाला सांगायचं.

दुसरी रीत आरोळीची. बार निघाला की बार काढणाऱ्यानं तीनांतला एकच शब्द ओरडायचा. चुकलं तर 'गेलं'. जखमी झालं तर 'लागलं' — म्हणजे हाकेवाल्यांनी झाडावर चढायचं, कारण जखमी डुक्कर यमाला भीत नाही. आणि जागीच आडवं झालं तर 'पडलं' — म्हणजे कुऱ्हाडी खांद्यावर टाकून खुशाल रानात शिरायचं. चाळीस-पन्नास माणसांचा जीव त्या एका शब्दावर. कळलं? आता पुढं.

ह्या गावात हैबतराव नावाचा एक बंदुकवाला. देखणा गडी, मिशा अशा की लिंबू ठेवावं. मनानं चांगला, हात सढळ. पण नेम? राम राम! तीन वर्षं पारधीला बसला, तिन्ही वर्षं 'गेलं'. तिसऱ्या वर्षी तर डुक्कर समोर उभं राहून ह्याच्याकडं बघत होतं म्हणे. गावानं हसून हसून पोट धरलं. हैबतरावानं मनाला लावून घेतलं. जेवेना, पारावर जाईना, दार लावून बसू लागला. त्याची बायको गजराबाई — शहाणी, सोसणारी बाई. नवऱ्याचं तोंड तिला बघवेना.

तिचा धाकटा भाऊ केरबा त्याच गावात. नेम म्हणाल तर आंब्याचं देठ उडवावं आणि आंबा अलगद झेलावा! पण बोलणं कमी. बंदुका दोघा साला-मेव्हण्यांच्या एकाच कारागिराकडच्या, नळीचं माप एक. आणि हैबतरावाच्या गोळ्या कोण ओतायचं? गजराबाई. स्वैपाकाच्या चुलीवर शिसं वितळवून तीच ओतायची.

चौथ्या वर्षी पारधीच्या आदल्या दिवशी ती भावाच्या दारात गेली. पदराच्या गाठीत पाच गोळ्या. म्हणाली, "केरबा, उद्या बंदुकीत ह्यातली घाल."

केरबानं बघितलं. गोळ्यांवर दाजींच्या घरची रेघ.

"आक्का, ह्या दाजींच्या हायत की."

"म्हणून तर आणल्या. एक डाव त्यांच्या नावावर पडू दे रे. माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळाय लागलाय."

केरबानं गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोघं एका बसणीवर. एक डोळा डुकरावर, दुसरा दाजींच्या बोटावर. दाजींनी चाप ओढला त्याच क्षणी ह्यानंही ओढला. दोन बार, आवाज एक! डुक्कर जागीच आडवं. येसूआबानं गोळी काढली, चाचपली. "रेघ! हैबतरावाची गोळी!"

अहो, काय तो आनंद! फेटा काय, मुंडी काय! घरी येऊन हैबतराव तीन भाकरी जेवला. गजराबाई चुलीपुढं बसून रडली. आणि केरबा? केरबाची गोळी कुठं गेली? गावानं ठरवलं — आभाळात!

मंडळी, एक डाव म्हणून केलेली गोष्ट एक डाव राहते का कधी? पुढच्या वर्षी पुन्हा गजराबाई दारात. मग दरवर्षीच. अकरा वर्षं! अकरा वर्षं केरबानं डुकरं मारली आणि अकरा वर्षं हैबतरावानं मुंड्या नेल्या. गावानं त्याचं नाव ठेवलं 'एकबारी हैबतराव'. आणि केरबाचं 'आभाळमाऱ्या'.

हसू नका. आमचे पेटीवाले नानाही हेच करतात! माझा सूर घसरला की पेटीचा भाता जोरात. तुम्हाला वाटतं, बुवांचा आवाज अजून खणखणीत. मलाही तसंच वाटायला लागलंय, ही पंचाईत!

तेच हैबतरावाचं झालं. आणि इथं नीट लक्ष द्या — हा माणूस लबाड नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं! त्यानं चाप ओढला, डुक्कर पडलं, आत गोळी त्याचीच निघाली. त्यानं काय समजायचं? मग चौथऱ्यावरच्या गोष्टीला दरवर्षी नवी पालवी. पहिल्या वर्षी चाळीस पावलांवरून मारलं. तिसऱ्या वर्षी ती चाळीस पावलं शंभर झाली. पाचव्या वर्षी म्हणे, "मी बघितलंच न्हाई, नुसत्या खुसपुसीवर मारलं." आठव्या वर्षी एका गोळीत दोन डुकरं, आणि मधे आलेला ससा वरकड! आता दोन डुकरं कुणी बघितली? एकच तर आणलं होतं! पण विचारलं कुणी? कुणी नाही. गाव म्हणालं, "आणखी सांगा, हैबतराव." लोकांना गोष्ट हवी होती. खऱ्याचं काय, ते घरोघर असतंच.

आणि शेवटी हैबतराव मिशीवर हात फिरवत म्हणायचा, "आमचं मेव्हणं पण व्हतं जोडीला. त्यांनी बार काढला तो थेट इंद्राच्या दरबारात. तिथं एखादी अप्सरा लंगडत असंल." सारं गाव खदखदून हसायचं. केरबाची पोरं बापाच्या मांडीला टेकून बसलेली. केरबाही हसायचा. खरंच हसायचा हो! गर्दीत बसलेल्या बहिणीकडं बघायचा आणि हसायचा. गजराबाई तेवढी मान खाली घालायची.

आता बारावं वर्ष. पारध चार दिवसांवर आली आणि कारवी तोडताना शेजारच्या गड्याचा कोयता केरबाच्या हातावर बसला. उजव्या हाताचा अंगठा गेला. फडक्यानं हात बांधलेला. बंदूक धरणार कशी?

केरबाची झोप उडाली. अंगठ्यासाठी नव्हे. पारधीच्या दिवशी दाजी एकटे बसणार, बार चुकणार, आणि ते ओरडणार काय? अकरा वर्षांत त्या तोंडातून 'पडलं'शिवाय दुसरा शब्दच निघालेला नाही!

सकाळी उन्हं वर आली तशी केरबा बहिणीच्या घरी गेला. हैबतराव सोप्यात बसून बंदुकीला तेल देत होता.

"दाजी, औंदा पारधीला बसू नगासा."

"का रं?"

"नगा बसू. अंगात कणकण हाय म्हणून सांगा."

हैबतराव हसला. "अंगठा तुझा गेला, आनि घरात मी बसू? आन् तुझा अंगठा असून तरी कुठलं डुक्कर पडत हुतं, पाव्हणं?"

केरबानं तोंड उघडलं. मंडळी, शब्द जिभेवर आलेला होता! दोन वाक्यं — 'दाजी, ते डुक्कर मी मारत होतो. अकराच्या अकरा.' एवढंच बोलायचं होतं. पण हैबतरावाच्या पाठीमागं, माजघराच्या दारात गजराबाई उभी होती. ती नुसती मान हलवत होती. नको. नको.

केरबानं तोंड मिटलं.

ती त्याच्या मागोमाग गोठ्यापर्यंत आली. "केरबा, अकरा वरसं झाकलंस. आज उघडलंस तर ह्ये माणूस हिरीत उडी घील."

"आन् न्हाई उघडलं तर, आक्का?"

ती म्हणाली, "मारतील की एखादं खरंच. इतकी वरसं बसत्यात, हात बसला नसंल व्हय?" आणि त्याचा बांधलेला हात आपल्या हातात घेतला. तिथंच सगळं संपलं बघा. त्या हातात हात घेण्यात! केरबा म्हणाला, "बरं आक्का. मी हाक्याला जातो. दाजींच्या खालच्या अंगालाच ऱ्हातो."

पारधीचा दिवस. हाका सुरू झाला, डबे वाजले. एकुलगा नर उठला. एकुलगा म्हणजे कळपातून बाहेर पडलेला, एकटा फिरणारा — रानातला सगळ्यात तिरसट जीव. सुळे वीतभर. तो खिंडीकडं निघाला, नेमका हैबतरावाच्या पुढ्यात. धडाम! धूर झाला. डुक्कर कोलमडलं, गडगडत कारवीच्या जाळीत गेलं. हैबतरावानं ते बघितलं. आणि त्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही. उभा राहिला आणि छाती भरून ओरडला —

"पडलं!"

दरीत आनंदाची लाट. एकबारीचा बार तो! कुऱ्हाडी खांद्यावर गेल्या, डबे खाली पडले. सगळ्यांत पुढं शिदबा — चाळिशीचा गडी, तीन लेकरांचा बाप — गाणं गुणगुणत जाळीकडं निघाला.

साऱ्या दरीत एकाच माणसाला ठाऊक होतं की त्या शब्दाचा भरवसा नाही. केरबा वरच्या उतरावरून ओरडला, "थांबा! पडलं न्हाई! शिदबा, झाडावर चढ!"

आणि मंडळी, लोक हसले. हसले हो! कुणीतरी म्हणालं, "आभाळमाऱ्या सांगतोय, एकबारी चुकला म्हनून." शिदबाही मागं वळून हसला आणि पुढं निघाला.

केरबा धावत सुटला. काटे, दगड, काही बघितलं नाही. जाळीच्या तोंडाशी त्यानं शिदबाला गाठलं, डाव्या हातानं सदऱ्याला धरून मागं ओढलं, आणि त्याच घटकेला ते जनावर बाहेर आलं. गोळी नुसती डुकराच्या मांडीच्या वरून चाटून गेली होती. शिदबा मागं पडला. पुढं केरबा होता.

सुळा मांडीत गेला. वरपर्यंत.

मी ह्याहून जास्त सांगणार नाही. तुम्हाला ऐकायचं असलं तरी सांगणार नाही. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली. दवाखाना बारा मैलांवर. खिंड ओलांडेस्तोवर घोंगडी जड झाली रक्तानं. झोळी खाली ठेवली. हैबतरावानं मेव्हण्याचं डोकं मांडीवर घेतलं. रडत होता. म्हणत होता, "केरबा, पडलं हुतं रं. म्या डोळ्यांनी बघितलं. पडलं हुतं."

केरबानं डोळे उघडले. बहीण तिथं नव्हती. आता तरी खरं बोलायला काय हरकत होती, सांगा! पण तो म्हणाला, "व्हय दाजी. पडलंच हुतं. पुन्यांदा उठलं."

आणि गेला.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. हैबतराव सोप्यात बसून तेच तेच बोलत होता — 'पडलं हुतं, पुन्यांदा कसं उठलं?' गजराबाई आतून आली, पुढ्यात बसली. भीत भीत नव्हे, सरळ बसली. म्हणाली, "ते पडलं नव्हतं. कंदीच कुठलं पडलं नव्हतं. अकरा वरसं माझा भाऊ मारत हुता, तुमच्या गोळ्यांनी. म्या दिल्या. म्या त्याला गप बशीवला. तुम्ही न्हाई मारला त्याला, म्या मारला."

हैबतराव उठला, बंदूक घेतली, परसात गेला. बाई घाबरली, मागं धावली. पण तसं काही नव्हतं. त्यानं बांधावर एक मडकं ठेवलं. चाळीस पावलं मोजली. बार काढला. मडकं जागच्या जागी. पुन्हा दारू ठासली, पुन्हा बार. घरात होत्या तेवढ्या गोळ्या संपवल्या, तेवीस. मडक्याला तडाही गेला नाही. मग तो मडक्याजवळ गेला, ते कुशीत घेतलं आणि मातीत बसून लहान पोरासारखा हमसाहमशी रडला.

आता तुम्हाला वाटेल, संपलं आख्यान. पहिल्याला शिक्षा झाली, दुसरा जिवानिशी गेला. पण मी तिसऱ्याचं म्हणालो होतो ना? गावाचं?

पुढच्या शिमग्याला हैबतराव पारधीला गेला नाही. पण गाव ऐकेना! "हैबतराव, तुमच्याबिगर चौथरा सुना वाटतोय. जुनी गोष्ट सांगा — दोन डुकरं आन् ससा!" धरून आणलं, फेटा बांधला, बसवलं. तो उभा राहिला. फेटा काढून खाली ठेवला. हात जोडले.

"गावकऱ्यांनो, माझ्या गोळीनं आजवर कुठलं जनावर पडलं न्हाई. सगळी डुकरं केरबानं मारली. आभाळमाऱ्या त्यो नव्हता, मी हाय. माझ्या बडाईनं त्याचा जीव घेतला."

मग येसूआबा उठला. डोळे पुसत म्हणाला, "बघा रं पोरांनो. माणूस किती मोठा असावा! मेलेल्या मेव्हण्याला आपला मान देतोय. अरं, अकरा गोळ्या ह्या हातानं मी काढल्या. रेघ चाचपली हाय म्या!"

आणि गावानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या! हैबतराव ओरडत होता, "खरं सांगतोय, देवीची आन घेतो." जितका ओरडला तितक्या टाळ्या वाढल्या. तो फेटा पुन्हा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. शिदबा तेवढा गर्दीतून उठून गेला, टाळी न वाजवता.

त्यानंतर हैबतराव सोळा वर्षं जगला. दर शिमग्याला चौथऱ्यावर जाऊन तेच सांगायचा. गाव दर शिमग्याला म्हणायचं, काय ही नम्रता! गजराबाईनं बायकांना सांगून बघितलं. बायका म्हणाल्या, भावाच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं. केरबाची पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. त्यांना गावात काय म्हणायचे ठाऊक आहे? आभाळमाऱ्याची पोरं.

आता मंडळी, माझी कबुली. एकबारी हैबतरावाचं आख्यान मी ह्याच देवळात, ह्याच खांबापाशी उभं राहून दोनदा सांगितलंय. आठवतंय ना? दोन डुकरं, दोन ससे, इंद्राचा दरबार! माझ्या गुरुजींनी जसं सांगितलं तसं मी सांगितलं, आणि एक ससा माझ्या पदरचा वाढवला. तुम्ही हसून लोळलात. मला वाटलं, काय रंगलं कीर्तन! गेल्या साली दुसऱ्या एका गावी कीर्तन संपलं, लोक पाया पडून गेले, आणि एक म्हातारी बाई मागं राहिली. पाया पडली नाही. म्हणाली, "बुवा, ज्याच्यावर तुम्ही आज चारशे मानसं हसवली, त्या आभाळमाऱ्याची मी लेक."

एवढंच बोलून थांबली नाही. ओट्यावर बसून तिनं मला सगळं सांगितलं, जे मी आज तुम्हाला सांगितलं. जाताना म्हणाली, "माझा बा हसायचा, तवा मी त्याच्या मांडीला टेकून बसल्याली असायची. त्याचं प्वाट हलायचं न्हाई बुवा. नुसतं त्वांड हसायचं."

तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. मी त्या हैबतरावाला ओळखतही नव्हतो, केरबाला ओळखत नव्हतो, आणि तरी त्याच्या मरणानंतर इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा पुन्हा खोटं पाडत होतो, कारण तुम्ही हसत होता. आणि तुम्ही हसत होता, कारण मी सांगत होतो.

तुमच्या घरी कोण आहे असा, ज्याच्या बाराला तुम्ही 'पडलं' म्हणून मान डोलावता? नवरा असेल, कर्ता लेक असेल, साहेब असेल, पुढारी असेल. गप्प बसणारा केरबाही असेलच कुणीतरी, त्याच्यावर तुम्ही हसत असाल. घरी जाऊन नीट बघा. मायेनं झाका म्हणणारी बहीण वाईट नव्हती हो. कुणीच वाईट नव्हतं. माणूस मात्र गेला.

आज टाळ्या वाजवू नका. देवाचं नाव आता घ्यायचंच आहे, रोज घेतो तसं. पण त्याच्याआधी, हात जोडून, एकदा केरबाचं नाव घ्या. त्याच्या गावात ते अजून कुणी नीट घेतलेलं नाही.